छापलं तसंच

“व्ह… व्हॅ… नि… ला. हे काय व्हय वो?”

“वास हाय तो, आत्याबाई. बाटलीत भेटते.”

“बाटलीतला वास कायले पायजे? घरातली इलायची सरली का?”

इलायची सरली नव्हती. पण कागदावर इलायची छापलेली नव्हती, आणि आमच्या घरात महिन्यातला एक दिवस छापलं तसंच करायचं असतं. बाकीचे दिवस माझ्या हाताच्या सवयीचे, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जिभेचे आणि शेतात जे निघालं त्याचे.

या उद्योगाची सुरुवात उशिरा आलेल्या एसटीनं केली. मे महिना, दारव्ह्याचा स्टँड, दोन तास झाले तरी गाडीचा पत्ता नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी या मुलखात आले ती शकुंतलेनं, कारंज्याहून. मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोटी गाडी इतकी सावकाश चालायची की खाली उतरून बोरं वेचून परत चढता येईल, असं लोक म्हणत. पण ती यायची तरी. आता तिच्या रुळांत बाभळी आहेत आणि आम्ही स्टँडवर. पाण्याची बाटली रिकामी झाली, ओळखीचं कोणी दिसेना, म्हणून ठेल्यावरून बायकांचं एक मासिक घेतलं. कथा वाचल्या, राशिभविष्य वाचलं, शेवटी पाककृतींची आठ पानं उरली.

ती वाचता वाचता मनात हिशेब सुरू झाला. दिवसाचे दोन स्वयंपाक म्हणजे वर्षाचे ७३०. लग्नाला तेव्हा ३१ वर्षं झाली होती, म्हणजे २२ हजार ६३०. बाळंतपणं, माहेरपणं, लग्नाकार्याचे दिवस वजा केले तरी वीस हजार कुठे गेले नाहीत. आणि त्यात नवीन काय शिकले? पावभाजी. नूडल्स. ढोकळा. मुलीच्या हट्टापायी एकदा मंचुरियन. चार बोटं मुडपली आणि पाचव्या बोटाला काही सापडेना.

वाईट वाटलं असं नाही. नवल वाटलं. चुनाला पाणी किती लागतं (पिठल्याला आमच्याकडे चून म्हणतात) ते माझ्या हाताला ठाऊक आहे, मला नाही. मला विचारलं तर सांगता येणार नाही. हात आपला चुलीपाशी त्याचं त्याचं करत असतो आणि मी कुठे तरी दुसरीकडेच असते: रात्रीची लाइन किती वाजता येणार, उद्या वेचायला किती बाया येणार. पोळी करपली तर ती माझ्या चुकीनं करपत नाही, लक्ष नव्हतं म्हणून करपते. त्या दिवशी स्टँडवर बसल्या बसल्या मला फार मनापासून वाटलं, की आपल्याला पुन्हा एकदा नीट, लक्ष देऊन चुकायला मिळालं पाहिजे.

घरी येऊन तीन नियम केले. महिन्याला एक पदार्थ, आधी कधीच न केलेला. पहिल्यांदा करताना माप, क्रम, वेळ, सगळं कागदावर आहे तसंच, अंदाज बंद. आणि जे होईल ते घरातल्या सगळ्यांनी खायचं. तिसऱ्या नियमावर यांनी हरकत घेतली होती. ती मी नोंदवून घेतली आणि फेटाळली.

वाचायचं काम आत्याबाईंकडे गेलं ते माझ्या चष्म्यापायी. कढईवर वाकलं की काचांवर वाफ बसते, अक्षरं गायब. पहिल्याच महिन्यात दोनदा चष्मा पुसला, तिसऱ्यांदा दोन्ही हात पिठात होते. आत्याबाई दाराशी बसून तूर निवडत होत्या. सूप बाजूला सारून म्हणाल्या, “आण इकडे. मी सांगतो.”

त्या शाळेत कधी गेल्या नाहीत. १९८८ साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, आणि त्याचे रात्रीचे वर्ग आमच्या गावापर्यंत यायला चार वर्षं लागली. मी नवी नवरी म्हणून घरात आले तो हिवाळा हाच. शाळेच्या वऱ्हांड्यात वर्ग भरायचा. सासू पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत आणि बी.ए. झालेली सून घरी भाकरी थापते आहे, असं आमचं सुरुवातीचं नांदणं. वर्गाला जाणाऱ्या बायांचे मतलब दोनच होते. बँकेत अंगठा द्यायला लागू नये, आणि एसटीची पाटी दुसऱ्याला विचारायला लागू नये. उन्हाळ्यात वर्ग बंद पडला तो पडलाच. आत्याबाईंचा तोवर काना-मात्रा-वेलांटी झाला होता, जोडाक्षरं अर्धी राहिली.

पुढची तीस वर्षं त्यांनी जे समोर येईल ते वाचलं. गाडीची पाटी, पंचायतीचा फळा, किराण्यातले डबे. खताची पोती तर नेमानं. २०१८ साली युरियाचं ५० किलोचं पोतं ४५ किलोचं झालं, ते आमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांनी वाचलं आणि यांना विचारलं, “पाच किलो कोणं खाल्लं रे?” पण सलग मजकूर, मोठ्यानं, आणि तोही दुसऱ्या कोणाला गरज आहे म्हणून, त्यांनी कधी वाचला नव्हता.

वाचताना त्यांचं बोट अक्षराखाली चालतं आणि ओठ अक्षराच्या आधी हलतात. ‘ख’शी मात्र त्यांचं आजवर जमलेलं नाही. मासिकातल्या बारीक टाइपात ‘ख’ त्यांना ‘र’ आणि ‘व’ दिसतो, शेजारी शेजारी उभे राहिलेले. पहिल्या दिवशी त्यांनी वाचलं, “रवोबरं दोन चमचे.” मी रवा काढायला गेले.

त्यांच्या वेगानं स्वयंपाक करायचा म्हणजे वेगळंच शिक्षण. “मोहरी तड… तडतड…” इथपर्यंत येता येता मोहरी तडतडून काळी झालेली. शेवटी चौथा नियम आपोआप झाला. आत्याबाईंचं वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचल्याशिवाय माझा हात हलायचा नाही. गॅस बंद, हात मांडीवर, आणि मी पहिलीतल्या पोरीसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. वीस हजार स्वयंपाकांत मला असं बसवणारं कोणी भेटलं नव्हतं.

पहिला पदार्थ मी हावरटासारखा निवडला. केक. अंड्याशिवायचा, कारण आत्याबाई माळकरी. कागदावर होतं, बेकिंग पावडर दीड चमचा. गावातल्या दुकानदारानं खायचा सोडा बांधून दिला. “एकच असते वहिनी, नाव तेवढं इंग्रजी.”

एकच नसतं. हे मला नंतर कळलं, आणि एकदा कळल्यावर इतकं सोपं वाटलं की स्वतःचाच राग आला. सोडा नुसता खार. त्याला दही, ताक, लिंबू असं काही आंबट भेटलं की तो फसफसतो आणि पीठ फुगवतो. नाही भेटलं तर बराचसा तसाच बसून राहतो. बेकिंग पावडरीत ते आंबट कोरडं करून आधीच मिसळलेलं असतं, पाणी आणि आच लागायचीच खोटी. म्हणजे तिच्यात सोडा असतो तो साधारण तिसरा-चौथा हिस्सा. मी दीड चमचा पावडरीच्या जागी दीड चमचा निखळ सोडा ओतला होता. केक फुगला, मग मध्ये खचला, रंग विटकरी, आणि चव धुण्याच्या वडीची. तिसऱ्या नियमानुसार सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला. यांनी चहात बुडवून खाल्ला, तेव्हा चहाही गेला. उरलेला कुत्र्यापुढे ठेवला. त्यानं वास घेतला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. त्याला नियम लागू नव्हता.

पण त्या केकची एक बाजू शंभर टक्के बरोबर होती. तो भाजला झकास गेला होता, आणि ते सगळं आत्याबाईंचं.

“ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्यावा,” हे वाक्य पुरं करून त्यांनी मासिक मांडीवर पालथं घातलं. “एकशेऐंशी म्हंजे किती इस्तो?”

इस्तो म्हणजे निखारे. मला सांगता येईना. पाणी शंभरावर उकळतं, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त, आणि म्हणाल्या, “अन् रोडग्यापेक्षा?”

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाडसर दळलेल्या कणकेचे घड्या घातलेले गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या इस्त्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे, तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. शेतात, झाडाखाली, पंगतीत. सगळं कसब इस्त्यात आहे. गोवऱ्यांचा जाळ पुरता बसला पाहिजे, वर पांढरी राख आणि आत लाल. घाई केली तर रोडगा वरून कोळसा आणि आत कच्चा. उशीर केला तर दगड. आत्याबाई तळहात इस्त्यावर धरून तोंडानं आकडे मोजतात. तिसऱ्या आकड्याला हात मागे घ्यावा लागला, की टाका रोडगे.

त्या दिवशी आम्ही मागच्या अंगणात मोठं गंज (पातेलं) मांडलं. तळाला नदीची रेती, रेतीवर उलटी ताटली, ताटलीवर केकचा डबा, गंजावर लोखंडी परात आणि परातीत निखारे. खाली इस्तो, वर इस्तो. परात बाजूला सारून आत्याबाईंनी तळहात गंजाच्या तोंडावर धरला. एक, दोन, तीन, चार… थोडे निखारे मागे ओढले. पुन्हा हात. सहापर्यंत आलं तेव्हा म्हणाल्या, “हे असंन तुवं एकशेऐंशी.” पुढे दिवाळीला मुलीनं पुण्याहून ओव्हनमध्ये ठेवायचा काटा आणला. तिला विश्वास बसेना म्हणून तो आम्ही गंजात ठेवून पाहिला. काटा १७० आणि १९० च्या मध्ये हलत राहिला. आत्याबाईंनी त्या काट्याकडे, पोरानं पाठ केलेला पाढा ऐकावा तसं पाहिलं.

(ओव्हनच्या जागी गोवऱ्या ही नियमातली पळवाट झाली, हे कबूल. नियम करणारीच पळवाट काढणारी असली की सोय होते.)

दुसऱ्या महिन्यात तोच केक पुन्हा करावा असं फार मनात होतं, पण पदार्थ नवा पाहिजे. म्हणून केकची परतफेड मधल्याच एका रविवारी, नियमाबाहेर केली: दही घातलं, सोडा अर्ध्या चमच्यावर आणला. चांगला झाला. चांगला झाला आणि त्याच्याबद्दल लिहायला काही उरलं नाही.

चुका सगळ्या माझ्याच होत्या असं नाही. निम्म्या भाषेच्या होत्या. मासिक मराठी, आम्ही मराठी, पण मासिकाचा भाजीबाजार निराळा. तिथे कोथिंबीर असते, आमच्याकडे सांबार. पहिल्यांदा ‘सांबार मसाला’ आला तेव्हा आत्याबाईंनी निवडलेली जुडी माझ्यापुढे ठेवली. आणि ज्या महिन्यात इडलीसोबतच्या सांबाराची कृती होती, तेव्हा “सांबारात वरून कोथिंबीर भुरभुरावी” हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. “सांबारात सांबार टाकाचा?” तिथली चवळी ती आमची बरबटी, पावटे म्हणजे पोपट, दुधी म्हणजे लवकी. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो, आणि ते कोहळा म्हणतात ते तिसरंच काही. शेवटी फ्रीजच्या दारावर मी एक कागद चिकटवला. डाव्या बाजूला त्यांचं नाव, उजव्या बाजूला आपलं. आत्याबाई तो रोज वाचतात, येता-जाता, पोत्यासारखा.

आणि वाटी! ‘एक वाटी’ या शब्दावर किती पदार्थ बुडाले असतील कोण जाणे. कागदावर कधी वाटी असते, कधी कप. मोजायचे कप बाजारात मिळतात ते २४० मिलिलिटरचे. आमच्या घरातली वाटी मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजली. झाकण १० मिलिलिटरचं. सोळा झाकणं बसली. म्हणजे मासिकवाल्या बाईच्या कपात माझी दीड वाटी. हे कळायला मला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत आम्ही जे काही मऊ असायला हवं ते कडक आणि कडक असायला हवं ते मऊ खाल्लं. आत्याबाई पायली-शेराच्या काळातल्या. त्या म्हणाल्या, माप कोणतंही चालते, एकच पायजे.

एक तक्रार मात्र माझी आहेच. ‘चवीनुसार मीठ’ हे लिहिणाऱ्यांनी लिहू नये. जिला चव ठाऊक आहे तिला कृती कशाला लागते?

महिने असे जात राहिले. पास्ता केला; यांनी त्यावर गरम वरण वाढून घेतलं, तूप घेतलं आणि म्हणाले, “चिकोल्याच तर हाये.” चिकोल्या म्हणजे वरणफळं. खोटं नव्हतं. कापूस फुटला की मला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून त्या दोन महिन्यांत दहा मिनिटांत होणारं काही तरी शोधते. एकदा रात्री साडेदहाला, वेचाईचा हिशेब आटोपल्यावर, दोघींनी उभ्या उभ्या काकडीचं कसलंसं सँडविच केलं. लाइट नव्हती. आत्याबाईंनी मोबाइलच्या उजेडात वाचलं आणि त्या उजेडात त्यांना ‘ख’ आणखीच दिसेना. समोरच्या जाऊबाई अजून म्हणतात, पोरगी नांदायले गेली अन् हिले आता केक सुचला. पण त्यांच्याकडे गेल्या महिन्यात बेकिंग पावडरीचा डबा दिसला मला. विचारलं नाही.

आता गेल्या महिन्याचं.

अंक आला. हे बियाण्याच्या दुकानातून आले होते, अंक पिशवीत फवारणीच्या डब्याला चिकटून, त्यामुळे वास तो. रात्री जेवणं झाल्यावर आत्याबाई पानं उलटत बसल्या. आताशा पदार्थ त्याच निवडतात. एका पानावर थांबल्या. बोट फिरलं, ओठ हलले.

“गो… ळा… भात. आपलाच हाय वो हा!”

खरंच होता. ‘अस्सल वऱ्हाडी’ असं वर ठसठशीत अक्षरांत, आणि चकचकीत फोटो: पितळी पातेलं, केळीचं पान, बाजूला एक मातीचा दिवा. केळीच्या पानावर गोळाभात मी जन्मात पाहिला नाही, पण फोटो सुंदर होता. आत्याबाई हरखल्या. आपल्या घरातलं माणूस टीव्हीवर दिसावं तसं त्यांना झालं. मग वाचायला सुरुवात केली.

“बास… बासमती तांदूळ, दोन वाट्या.” थांबल्या. “गोळाभाताले बासमती?”

आम्ही एचएमटी खातो. आमच्या कापसाच्या, ज्वारीच्या मुलखात भात मुळात सणावाराचा, आणि तांदूळ येतो तो पूर्वेकडून, धानाच्या पट्ट्यातून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे नावाच्या शेतकऱ्याला आपल्या ‘पटेल-३’च्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यानं त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, असं करत करत एक नवीन वाण तयार केलं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून वाणाला तेच नाव पडलं. दादाजी २०१८ साली गेले. आमच्या मामंजींच्या मनगटावर तेच घड्याळ आणि ताटात तोच तांदूळ असायचा, आणि दोन्हीची किल्ली मीच देतो, असं ते म्हणायचे. आता त्या तांदळाच्या घरात बासमती आणायचा तो कसा?

“पुढं वाचा,” मी म्हटलं.

“बेसन, बा… रीक, एक वाटी.”

इथे माझाच जीव वर आला. गोळ्याला भरडा लागतो. हरभऱ्याची डाळ जात्यावर भरडलेली, हाताला खरखरीत लागेल अशी. त्यात तिखट, हळद, जिरं, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. भाताचं पाणी आटत आलं की गोळे त्यात ठेवायचे, झाकण, मंद आच. भरड्याच्या कणाकणांतून वाफ आत शिरते, म्हणून गोळा शिजतो आणि बोट लावलं की फुटतो. बारीक बेसनाचं चिकट लगदं होतं, वाफेला आत वाट नाही. वरून गुळगुळीत आणि आत घट्ट. फुटला नाही तो गोळा काय कामाचा? तो भातात कुस्करायचा असतो, वर फोडणीचं तेल ओतायचं असतं, जवसाचं असेल तर काय विचारता, लसूण-मोहरी-लाल मिरचीसकट, आणि बाजूला चिंचेचं सार.

“वरून साजूक तूप सो… सोडावे,” आत्याबाईंनी वाचलं. तेलाचं नाव नव्हतं. त्यांनी पान उलटून मागे पाहिलं, कदाचित तेल तिकडे गेलं असेल म्हणून. नव्हतं.

“अन् सा… र… व… र. सारवर एक चमचा. हे सारवर काय व्हय?”

मला दोन क्षण लागले.

“साखर, आत्याबाई.”

त्या काही बोलल्या नाहीत. मासिक डोळ्यांच्या जवळ नेलं, लांब नेलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी चुकीचं वाचते आहे.

मी म्हटलं, सोडा, दुसरं काही निवडू. तसाही नियमात बसत नाही, पदार्थ आधी न केलेला पाहिजे, गोळाभात आपण किती वेळा केला असेल. आणि इथे, जिला मी इतकी वर्षं ओळखते असं समजत होते त्या बाईनं मला गप्प केलं.

“असा केला व्हता का कधी?”

“असा नाही केला.”

“मंग नवाच हाय. कर.”

दुसऱ्या दिवशी हे बासमती घेऊन आले. ओला नारळ यवतमाळहून आला, कारण वरून पेरायला ओलं खोबरं होतं (“रवोबरं,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी स्वतःच हसल्या). मी गॅस बंद, हात मांडीवर. त्यांनी एकेक वाक्य पूर्णविरामापर्यंत नेलं. साखरेच्या वाक्याला माझा हात चमच्यावर थांबला. वीस हजार स्वयंपाकांचा हात तो, ऐकेचना. आत्याबाई म्हणाल्या, “टाक वो. छापलं हाय.”

टाकली. तूप सोडलं. खोबरं पेरलं. केळीचं पान मात्र नव्हतं, ताटातच वाढला.

वाईट नव्हता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वाईट नव्हता. गोळे मी म्हटलं तसे घट्ट झाले होते, सुरीनं कापावे लागले. पण तुपाचा वास, गोडसर चव, मोकळा लांब भात. पाहुण्यांपुढे ठेवावा असा काही तरी झाला होता. यांनी दुसऱ्यांदा घेतला. मी त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, “नियम हाय ना.” नियम एकदा खायचा आहे.

मला सारखी ती न पाहिलेली मासिकवाली बाई आठवत होती. तिला कोणी तरी सांगितला असेल, तिनं आपल्या स्वयंपाकघरात बसवला असेल. भरडा मिळाला नसेल, जवसाचं तेल बघितलंही नसेल. मग वाटलं, आमचा रेतीतला, गोवऱ्यांच्या इस्त्यातला केक तिच्यासमोर ठेवला असता तर? तीही ‘वाईट नाही’ म्हणाली असती कदाचित. आणि मग घरी जाऊन काय म्हणाली असती?

आत्याबाईंनी ताटातलं सगळं संपवलं, ताटात हात धुतले, पाणी प्यायल्या.

“चांगलं लागते,” त्या म्हणाल्या. “गोळाभात नाई तो.”

मग दिराच्या नातवाला हाक मारली. तो चौथीत आहे. त्याच्याकडून पेन्सिल मागवली. त्यानं कंपासातली टोक केलेली काढून दिली. मासिक पाटावर ठेवून, चष्मा वर सारून, त्या कृतीच्या बाजूच्या कोऱ्या पट्टीत लिहायला बसल्या. सही सोडून त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली होती, खुरप्यासारखी. ‘सा’ जमला. मग थांबल्या, छापलेल्या अक्षराकडे बघितलं, आणि त्यांना जसं दिसत होतं तसं काढलं. वेळ लागला. नातवाला घाई होती, पेन्सिल त्याला गृहपाठाला पाहिजे होती. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

लिहून झाल्यावर त्यांनी मासिक माझ्याकडे फिरवलं. वाकड्या, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक:

सारवर नाई. तेल. भरडा.

“बराबर हाय का?”

“हाव,” मी म्हटलं. “बराबर हाय.”